बेटावरची काटकसर

कुणाच्याही घरी गेला की तो बूट काढायच्या आधी हीटरला हात लावायचा. गरम लागला की नॉब थेट शून्यावर. "बेटावर आम्ही सात वर्षं हीटरशिवाय काढली," असं वर ऐकवायचा. मॉरिशसमध्ये हीटर लावतं कोण, हे विचारायची माझी हिंमत नव्हती, कारण ऑफिसात तो माझा सीनियर होता. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो. इथे करणार नाही.

जर्मनीत वोल्फ्सबुर्गला तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. त्याआधी तो मॉरिशसच्या एका साखर कारखान्यात होता. तिथे म्हणे पावसाच्या पाण्यावर धुणं, परसातली भाजी, अंघोळीचं पाणी उन्हावर तापलेलं. ऐकायला छान वाटायचं, आणि ते खरंच छान असणार. पुढे तिथेच छोटं घर घ्यायचं, त्यासाठी ही सगळी बचत. "तुमच्या वहिनीला इकडची थंडी मानवत नाही. तिच्यासाठीच चाललंय हे." तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याचं सगळं दुसऱ्यासाठीच चाललेलं असतं.

हिवाळ्यात त्याने घरातले हीटर बंद ठेवले. ओले कपडे बेडरूममध्ये दोऱ्यांवर वाळत घातले आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटींत वहिनींच्या जुन्या साडीच्या चिंध्या कोंबल्या. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, अशी आपली म्हण आहे. ह्याने दरवाजालाही बोळा लावला. जानेवारीत पलंगामागची भिंत बुरशीने काळी झाली आणि वहिनी खोकायला लागल्या. तो खोकला आम्हाला खाली ऐकू यायचा.

इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर भिंत बघायला आला, तेव्हा मी तिथेच होतो. "लुफ्टेन, लुफ्टेन," म्हणत त्याने स्वतः खिडक्या उघडल्या. रोज दोनदा हवा खेळू द्या आणि हीटर चालू ठेवा, एवढंच त्याचं म्हणणं. त्याची पाठ वळताच ह्याने खिडक्या लावल्या.

"बेटावर बुरशी आली की आम्ही व्हिनेगरने पुसायचो. यांना काय कळतंय?"

"अहो, तिथे खिडक्या कधी लावायचो का आपण?" वहिनींनी विचारलं.

तो व्हिनेगरची बाटली शोधत राहिला. मला त्या माणसाचा तिरस्कार वाटला, अजूनही वाटतो.

मार्चमध्ये डॉक्टरांनी दम्याचं निदान केलं आणि त्या घरात राहू नका म्हणून बजावलं. वहिनी साताऱ्याला बहिणीकडे निघाल्या. विमानतळाची गाडी पकडायला त्यांना स्टेशनवर मीच सोडलं. त्याला सुट्टी वाया घालवायची नव्हती.

दोन-तीन वर्षांनी त्याने बेटावर खरंच घर घेतलं आणि नोकरी सोडून तिकडे गेला. ई-मेलने फोटो आला: छपरावर सौर बंब, मागे केळी, दारात दोन खुर्च्या. म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता. त्यामुळे माझा राग कमी व्हायला हवा होता, पण तो वाढला.

मी वहिनींना फोन केला. खोकला बराच कमी झाला होता. मॉरिशसला जाणार का, असं मी विचारलं.

"बेट फार छान आहे हो," त्या म्हणाल्या. "पण तिथे हेही असणार ना."