वरून ओत, लांबून

‘तू नको बसू इथं,’ फोरमन म्हणाला. ‘तू वाढप कर. तुम्हा लोकांना सवय असते.’

ओमानात, इब्रीला अर्बाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, मुलाचं लग्न होतं. गाला भागातल्या त्याच्या गॅरेजातून आम्ही सातजण गेलो होतो. मी तिथं गाड्यांचं डेंटिंग करायचो. तंबूत भात-मटणाची मोठमोठी ताटं आली. तिथली रीत अशी की पाच-सहाजण एकाच ताटाभोवती बसतात आणि त्यातच हात घालतात. फोरमन आमच्या चिपळूणकडचा. मी रुजू झालो त्याच दिवशी त्यानं विचारलं होतं, ‘गाव कळलं. वाडी कुठली?’ वाडी सांगितली की आमच्याकडे पुढचं विचारावं लागत नाही. तेव्हापासून तो माझ्याबरोबर कधी जेवला नव्हता. आज ताट एकच, त्यामुळे त्याची पंचाईत झाली.

मालकाच्या म्हाताऱ्या काकानं विचारलं, काय झालं. फोरमननं हसत जुमाकडं बोट केलं. ‘इसका माफिक, बाबा. ये हमारे गाव का खादिम.’

जुमा आमचा ड्रायव्हर. ओमानीच, पण काळा. खादिम म्हणजे गुलामाच्या वंशातला. त्याच्या पणजीला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पळवली, झांझिबारला विकली आणि गलबतात घालून इथं आणली. तिचं खरं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. गुलामी कायद्यानं कधीच गेली, तरी मालकाच्या घरचं कार्य असलं की कॉफी ओतायला जुमानंच उठायचं. एकदा गाडी चालवताना तो म्हणाला होता, ‘अमेरिका लेके गया, वो सबको मालूम. हमको इधर लाया, वो कोई नहीं बोलता.’

मी ऐकलं आणि सोडून दिलं. खोटं कशाला सांगू, मीही त्याला खादिमच म्हणायचो. आठ महिने. गॅरेजात सगळेच म्हणायचे. आणि मला बरं वाटायचं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या खालचं होतं.

म्हाताऱ्यानं कॉफीची सुरई माझ्यापुढं धरली. मी घेतली. याची आजही मला चीड येते. तोंडातून ‘नाही’ निघायच्या आधी हात पुढं झाला. बापाचाही असाच व्हायचा. जुमा पेले देत गेला, मी ओतत गेलो. कुणी ओरडत नव्हतं. कुणी मारत नव्हतं. सगळे निवांत गप्पा मारत जेवत होते, आणि त्याचीच मला भीती वाटली. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच शांतपणे चाललं असणार.

फोरमनपाशी आलो. त्यानं पेला हातात धरला नाही. खाली ठेवला, बोटानं दाखवला.

‘वरून ओत. लांबून.’

आमच्या गावच्या विहिरीवर माझी आई ओंजळ धरून उभी राहायची. तिला पाणी असंच ओतायचे.

मी सुरई त्याच्या पुढ्यात ठेवली. म्हणालो, ‘घ्या तुम्हीच ओतून.’

जुमानं माझ्याकडं पाहिलं. मग हातातले पेले त्यानं एकेक करून सुरईशेजारी ठेवले. मालक हळूच म्हणाला, ‘खलास.’ माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात होता.

बाहेर गाडीपाशी मी जुमाला म्हटलं, ‘वो नाम फिर कभी नहीं बोलेगा. माफ करो, भाई.’

‘आज तुमको बोला, तो आज समझा,’ तो म्हणाला. ‘आठ महीना?’

त्यानं माफ केलं नाही, आणि त्यानं का करावं?

पंधरा दिवसांत मला परत पाठवलं. जुमाचं पुढं काय झालं, कळलं नाही. त्याचा फोन लागत नाही.

गावात जत्रेच्या जेवणाला आमची पंगत अजून शेवटी बसते, वेगळी. परवा निरोप आला, पत्रावळी उचलायला या. मी सांगून पाठवलं, येणार नाही. उचलायला नाही आणि जेवायलाही नाही. इथून पुढं माझ्या हातात सुरई कुणी देऊ नये. आणि माझ्यासमोर दुसऱ्या कुणाला सुरई घेऊन उभं केलंत, तर त्या ताटातला घास मी घेणार नाही.