वामीची कोंड आणि जानेवारीतली बाटली

अज्जांनी भाताचा गोळा कोंडीत, म्हणजे ओढ्यातल्या खोल डोहात, सोडला. आम्ही दोघं कातळावर बसून बघत राहिलो. कपारीतून एक वाम बाहेर आली, मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही मनगटाएवढ्या जाड. भात संपला तशा परत आत गेल्या.

"बघितलासा न्हवं?" अज्जा म्हणाले. "बारकं एकबी न्हाई. चार वर्सं झाली."

मी बेळगावच्या एका खाजगी लॅबमध्ये पाणी तपासते. कॅसलरॉकच्या पुढे जंगलातल्या या वाडीत मी आले ती अज्जांच्या, म्हणजे या म्हाताऱ्या आजोबांच्या, फोनवरून, आणि त्यांना माझा नंबर मिळाला तो माझ्याच कागदावरून. पाच वर्षांपूर्वी गावाने या कोंडीचं पाणी तपासून घेतलं होतं. मी एक बाटली भरली, रिपोर्टवर 'शुद्ध' लिहिलं, खाली सही ठोकली. तो रिपोर्ट फ्रेम करून देवाशेजारी लावलाय. बघून मला अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू.

कोंड देवाची. इथे कुणी मासे मारत नाही, चपला घालून उतरत नाही. वामींना भात घालायची सेवा अज्जांच्या घराण्याकडे. पिल्लं येईनाशी झाली तशी गावात कुजबुज सुरू झाली, की सेवेत काहीतरी चुकतंय. सोमवारी गावबैठक होती. सेवा काढून दुसऱ्या घराला द्यायची, हे जवळजवळ ठरलंच होतं. आणि मी पोचले शनिवारी, भर पावसाळ्यात.

वामीचं एक सांगायला हवं. दिसते सापासारखी, पण मासाच. जन्मते दूर समुद्रात. काचेसारखी पारदर्शक पिल्लं पावसाळ्यात नदीच्या पाण्याचा वास धरून वर येतात, ओल्या कातळावरून सरपटत घाट चढतात. मग वर्षानुवर्षं ओढ्यात वाढतात. एका पुरात समुद्राकडे निघतात, अंडी घालतात आणि मरतात. परत येत नाहीत. म्हणजे कोंडीत तीन वामी दिसल्या म्हणून सगळं ठीक, असं नसतं. पटावर फक्त सातवीची पोरं उरलेली शाळा असते, तसं ते.

मला बसवेना. अज्जांना घेऊन ओढ्याच्या कडेने वर चालत गेले. शंभर पावलांवर सुपारीची बाग लागली आणि काठावरच्या दगडांवर निळसर पापुद्रा दिसला. नखाने खरवडला.

"इथं काय धुता, अज्जा?"

"ड्रम. औषधाचं."

औषध म्हणजे मोरचूद आणि चुना. पावसाळ्यात सुपारीला कोळेरोग लागतो, फळं कुजून गळतात, म्हणून फवारतात. मोरचुदात तांबं असतं. सुपारीला ते तारतं, पण माशाच्या पिल्लाला थोडंसंही सोसत नाही. त्याचं नाकच बधिर होतं म्हणतात, आणि वाट शोधायची तर नाकानेच.

"कोण धुतं?"

"मीच. कोंडीत न्हाई हां, देवाचं पानी बाटवंन कसं? हितं वाहतं हाय. आनि तुमच्या कागदावर शुद्ध लिवलंय की."

तो नमुना मी जानेवारीत घेतला होता. फवारणी जूनपासून. पाच वर्षांत हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता.

दुपारी पावसाने उघडीप दिली. अज्जांनी फवारणी करून नेहमीसारखा ड्रम धुतला; मोजायचं होतं म्हणून मी अडवलं नाही. मी कोंडीच्या तोंडाशी बसून दर दहा मिनिटांनी बाटली भरत होते आणि सारखी घड्याळ बघत होते. कॅसलरॉकची रेल्वेगाडी चुकली असती तर सोमवारच्या आत तपासणी झाली नसती. बाटल्या मांडीवर घेऊन लोंढ्यापर्यंत आले, तिथून बसने बेळगाव. रविवारी लॅब उघडून घेतली. धुण्याआधीची बाटली स्वच्छ. नंतरच्या चार बाटल्यांत तांबं, पिल्लांना नको तेवढं.

सरांना, म्हणजे लॅबच्या मालकांना, फोन केला.

"मग आपला जुना रिपोर्ट चुकला?"

"रिपोर्ट बरोबर होता, सर. महिना चुकला."

"हे लेखी देऊ नकोस."

"तोंडी सांगते मग. उद्या, गावासमोर."

ते काहीतरी बोलत होते. मी फोन ठेवला.

सोमवारी बैठकीत उभी राहिले. पिल्लं या एकाच कारणाने थांबली असं मी शपथेवर सांगणार नाही, म्हटलं. पण ती वर येतात ते दिवस आणि ड्रम धुता ते दिवस एकच आहेत. आणि शुद्धचा कागद मी दिला होता, पावसाळ्यातलं पाणी न बघता. देवाचा कोप वगैरे काही नाही.

"मंजी अज्जांच्या सेवंत चूक न्हाई," गावप्रमुख म्हणाले. माणसं सैलावली. मलाही हायसं वाटलं. काम फत्ते, असंच वाटलं.

अज्जा उठले.

"देव कोपला आसता तर पाया पडून मिटवलं आसतं," ते म्हणाले. "ड्रम मी धुतलाय. माझ्या हातानं. सेवा दुसऱ्या घरी द्या."

लोकांनी समजावलं. मीही समजावलं. ऐकेनात.

आता वाडीत ड्रम ओढ्यापासून लांब खड्ड्यावर धुतात. अज्जा स्वतः बागाबागांतून हिंडून खड्डे खणायला लावतात. त्याच पावसाळ्यात तिघींपैकी दोघी पुराबरोबर गेल्या. पिल्लू अजून एकही आलेलं नाही.

सरांनी मला ताकिदीचं पत्र दिलं, पण कामावरून काढलं नाही. आता मी नमुना घेण्याआधी विचारते, वर कोण काय धुतं आणि कधी. लोकांना वाटतं बाई भोचक आहे. एका बाटलीतलं पाणी फक्त त्या दिवसापुरतं बोलतं, एवढं मला कळायला एका म्हाताऱ्याची सेवा जावी लागली.