फक्त माझ्याच स्क्रीनवरची एरर

"माझ्याकडे चालतंय," समीर म्हणाला. "पुन्हा सगळं इन्स्टॉल करून बघ." आणि कॉल संपला.

समीर माझा टीम लीड, पुण्याच्या ऑफिसात. मी निरवांगीत, घराच्या ओसरीत, कारण नेट तिथंच धड येतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा मी जुनी नोकरी सोडून गावी आले. घरून करता येईल म्हणून ही नवी धरली. टीममधल्या एकाचाही चेहरा मी पाहिला नव्हता. कॉलवर सगळ्यांचे कॅमेरे बंद असायचे.

काम साधं होतं. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर चालू करायचं. त्याशिवाय पुढचं काही करता येत नाही. पण ते तीन रेपोंमध्ये विभागलेलं होतं. रेपो म्हणजे कोड आणि त्यातले आजवरचे बदल ठेवायची जागा. एकात पेशंटला दिसणारी स्क्रीन, दुसऱ्यात सर्व्हर, तिसऱ्यात दोघांनाही लागणारे सामायिक तुकडे. सर्व्हर चालू झाला. स्क्रीन मात्र पांढरी. तारीख दाखवणारं फंक्शनच सापडत नाही, अशी एरर.

सगळं पुसून परत इन्स्टॉल केलं. तीच एरर. ग्रुपवर विचारलं. दोघांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं, उत्तर कुणी दिलं नाही. मग समीरचा मेसेज आला: शुक्रवारपर्यंत झालं नाही तर काही दिवस पुण्याला येऊन बस. आबांना आंघोळ घालायला घरात दुसरं कुणी नव्हतं. तसं मी लिहिलं आणि पाठवायच्या आधीच पुसून टाकलं.

परत लॅपटॉपशी पुटपुटत बसले. कॉटवरून आबा म्हणाले, "कुणासंगं बोलतीयास?"

"कुणासंगं न्हाय, आबा."

झटक्यानंतर त्यांना शब्द सापडायला वेळ लागायचा. "मग बोल की," ते म्हणाले. "कुणासंगं तरी."

मेसेज न टाकता मी थेट समीरला फोन लावला. म्हटलं, "तू एक रिकामं फोल्डर घे आणि माझ्यासारखं पहिल्यापासून सगळं इन्स्टॉल कर. मी लाइनवर थांबते."

त्याला मीटिंग होती. मी म्हटलं, मीटिंगनंतर कर, मी थांबते. "बरं, आत्ताच करतो," तो म्हणाला. मग कीबोर्डचा आवाज यायला लागला. मग तो आवाज थांबला.

"अगं," समीर म्हणाला, "मलाही येतीये."

माझे डोळे भरून आले. एररसाठी असं कुणी रडत नसेल.

कारण अगदी छोटं निघालं. ते फंक्शन सामायिक रेपोत लिहिलेलं होतं, पण पब्लिश करायचं, म्हणजे सगळ्यांना इन्स्टॉल करता येईल अशा ठिकाणी चढवायचं, राहून गेलं होतं. जुन्या लोकांनी आपापल्या मशीनवर ते रेपो थेट जोडून ठेवलेलं, त्यामुळे त्यांना काही जाणवलं नाही. नव्यानं आलेली मी एकटीच.

समीरनं ते पब्लिश केलं, आणि माझ्या पांढऱ्या स्क्रीनवर कॅलेंडर उमटलं. पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता टीममध्ये कुणी नवीन आलं की मी माझ्याकडे रिकामं फोल्डर घेते आणि त्याच्याबरोबर पहिल्यापासून सगळं इन्स्टॉल करते. वेळ जातो. पण एरर आली तर निदान दोघांना दिसते.