अल्लीपूरचे आठ नारू

प्रमोदिनीबाई साळवे लोकांच्या पायांतले नारू काढत. नारू म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा आणि वर्षभराने पायातून तोंड बाहेर काढणारा दोऱ्यासारखा किडा. तो एकदम ओढता येत नाही. रोज बोटभर बाहेर घ्यायचा, काडीला गुंडाळायचा, काडी पट्टीखाली बांधायची. तुटला तर पाय सुजतो आणि माणूस महिनाभर खाटेवर. अल्लीपूरच्या ख्रिस्ती मंडळीच्या ओसरीवर बाई मंडळीच्या सेविका म्हणून रोज सकाळी हे काम करत. आधी पाळक मधुकरराव दोन मिनिटं प्रार्थना म्हणत.

१९५५च्या उन्हाळ्यात सरपंच बंडोपंतांनी दवंडी पिटवली: ओसरीवर जाईल त्याला दंड, तिथे औषधाच्या नावाखाली लोक बाटवतात. दुसऱ्या दिवशी ओसरी रिकामी. नऊ जणांचे नारू अर्धे पायात, अर्धे काडीवर. तिसऱ्या दिवशी दुकानदार रूपरावाने वैतागून काडी स्वतःच ओढली. नारू तुटला, पाय मांडीपर्यंत सुजला.

बाई पाळकांकडे गेल्या. "मी बाजारात बसून पट्ट्या करते."

"प्रार्थनेशिवाय? मग ती मंडळीची सेवा कशी?"

"प्रार्थना मी घरून करून जाईन. त्या आठ पायाईले थांबाले वेळ नाई."

मधुकररावांनी औषधांच्या कपाटाची किल्ली दिली नाही. बाईंनी जुनं लुगडं फाडून उकळलं आणि पातेलं घेऊन बाजारातल्या पंचायतीच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली बसल्या.

बंडोपंत बाहेर आले. "बाई, हे जागा पंचायतीची हाय."

"म्हणूनच आली. कोणाले बाटवते काय, ते इथं बसून पाहा."

"उठा म्हणतो मी."

"आठ नारू निघाले का उठीन. नववा तुमच्या दवंडीनं तोडला."

समोरच्या हॉटेलातून हरिदास म्हणाला, "सरपंच, दवंडी त ओसरीची होती. झाडाची नोती."

दोघेचौघे हसले. बंडोपंत कचेरीत गेले, पण दार उघडंच ठेवून बसले. तासभर कोणी आलं नाही. मग वीटभट्टीवरची सुमित्राबाई लंगडत आली आणि कचेरीकडे पाठ करून तिने पाय पुढे केला. संध्याकाळपर्यंत आठही जण येऊन गेले. दंड कोणालाच झाला नाही.

रविवारी मंडळीने ठराव करून बाईंना कामावरून कमी केलं. ठराव वाचला जात असताना त्या नेहमीच्या पहिल्या बाकावर होत्या. मधुकररावांनी मागे बसायला सांगितलं.

"इथून नीट ऐकू येते," त्या म्हणाल्या, आणि शेवटच्या गीतापर्यंत हलल्या नाहीत.

तिथून त्या सरळ कडुलिंबाखाली गेल्या. रूपरावाला त्याच्या भावांनी खाटेसकट आणून ठेवलं होतं.

"मले काऊन नाई बोलावलं?" तो कण्हत म्हणाला.

"तुले आपल्याच हातानं काढाचा होता ना?" बाईंनी पातेल्याचं झाकण काढलं. "पाय सरळ कर."