जवळा बाजारात विमानाचं पातं

"गावी आलेय, येऊन जा," असा अनसूयाचा फोन आला तेव्हा मी मनात बहाणा शोधत होते. इंजिनिअरिंगला आम्ही होस्टेलात एका खोलीत राहायचो आणि वर्गात पहिली यायचे मी. आता ती बंगळुरात विमानाच्या इंजिनाची हलकी पाती बनवते आणि मी नांदेडच्या तंत्रनिकेतनात तीच इंजिनं फळ्यावर काढते. तरी निघाले. तिचं कितपत बरं चाललंय, ते डोळ्यांनी बघायचं होतं.

नांदेड ते वसमत एसटी, बायकांना अर्धं तिकीट. सकाळचीच गाडी धरा, कारण पुढं अनसूयाच्या गावची, म्हणजे जवळा बाजारची, गाडी वेळेवर लागेलच असं नाही. तोवर स्टँडाबाहेरची गरम भजी खा. हळदीचा हंगाम असेल तर उडणाऱ्या भुकटीपायी नाकाला रुमाल हवाच.

अनसूयाचे वडील मेंढ्या राखतात. अंगणात शेजारपाजार जमला होता आणि तिनं वडिलांच्या दोन हातांवर दोन पाती ठेवली होती, एक जुन्या धातूचं, एक नव्या. दोन्ही चाचणीत बाद झालेली, कंपनीला विचारून आणलेली.

"हे पोकळ हाय व्हय?" बाबांनी नवं पातं वरखाली केलं.

"न्हाई बाबा, भरीव हाय. धातूच हलका."

"मंग एवढ्याशानं काय व्हतं?"

ती तोंड उघडायच्या आत मीच सुरू झाले. पातं हलकं, म्हणून ते ज्या चकतीत बसतं ती हलकी, म्हणून आसही हलका. असं करत सगळं इंजिन हलकं होतं आणि इंधन कमी लागतं. जरा जास्तच मोठ्यानं बोलले.

"हिनंच शिकवलं मला हे, होस्टेलात," अनसूया सगळ्यांना म्हणाली. अगदी मनापासून. तिनं थोडी तरी फुशारकी मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

भाकरी-ठेचा खाताना म्हणाली, "लई तडकतो हा धातू. सुरुवातीला पात्यामागून पातं फुटायचं. रडायची मी."

तिचं रडणं ऐकून मला आतून गारेगार वाटलं. "आणि आता?"

"आता पाती टिकून राहिलीत. विमानात बसणारेत."

मी पुढची भाकरी नको म्हटलं.

"आमच्याकडं चाचणीला माणूस पाहिजे. तू काहून येत न्हाईस?"

"बघू," म्हणाले.

घरी आल्यावर नवऱ्याला रस्ता, भजी, मेंढ्या, सगळं सांगितलं. बंगळुरातल्या नोकरीचं तेवढं गिळलं. दोन दिवस वर्गात नीट शिकवता येईना, तेव्हा त्या जागेसाठी तिला फोन केला.

"मुलाखत द्यावी लागंल," अनसूया म्हणाली, "अन् निवड झाली तर माझ्याच हाताखाली. चालंल?"

मी विचारलं, "मुलाखत कधी आहे?"

हेवा गेलेला नाही. मुलाखतीच्या अभ्यासाला बसलेय आणि अडलं की फोन तिलाच करते, दातओठ खात.