ओट्यावर येणारा चेंडू

जालन्याबाहेर, भोकरदन रस्त्यावरच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत माझी आई एकटी राहते. तिथल्या मुरमाड मैदानावर सहा खड्डे करून म्हातारी मंडळी सकाळी गोल्फ खेळतात. त्यातल्या कानटोपीवाल्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांचा चेंडू खड्ड्याकडे जायचाच नाही, कुणाच्या तरी ओट्यावर जायचा. मग ते काठी टेकत यायचे आणि दार उघडेपर्यंत कान देऊन उभे राहायचे.

एकदा मी फाटकातून आत येताना ते आईच्या दाराशी तसेच उभे होते. आईला यायला वेळ लागला. आईने चेंडू दिला, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

मी हसून म्हणालो, "काका, नेम सुधारा जरा."

"नेम बराबर हाय," ते हळूच म्हणाले. "एकट्या माणसांवर नजर ठेवायचं काम मी अंगावर घेतलंय. दार वाजवलं तर लोक चिडतेत, जित्ता हाय का बघाया आलास म्हणतेत. चेंडू मागायला आलेल्यावर कुणी चिडत न्हाई."

परवा मी आईकडे मुक्कामी होतो. आठ वाजून गेले तरी मैदानावर कानटोपी दिसेना. समोरच्या रांगेतलं त्यांचं दार बंदच होतं. आई खिडकीपाशी सारखी जात होती. शेवटी तिने फडताळातून एक जुना चेंडू काढून माझ्या हातात ठेवला.

"त्यांच्या ओट्यावर टाक," ती म्हणाली. "दार वाजवू नको, त्यांनाबी राग येईल."

चेंडू दारावर आपटून थांबला. मी कान देऊन उभा राहिलो.