शेवटच्या गोळीची गोष्ट

अंधेरीला जुन्या बंदुकांचं खासगी संग्रहालय उघडलंय हे कळल्यावर मी जाणारच होतो. निवृत्तीनंतर मला पिस्तुलं जमवायचा नाद लागला. घाटकोपरच्या दोन खोल्यांत नऊ पिस्तुलं आहेत; सगळी निकामी केलेली, कागदपत्रांसकट. बायको म्हणते, भंगार सांभाळतोय. सांभाळतोय.

या वेळी सुलभावहिनी बरोबर आल्या. नायब सुभेदार यशवंत परबची बायको. यशवंत आणि मी एकाच गल्लीतले, भरतीही एकाच दिवशी झालो. तो पुढे गेला, मी रेडिओवरचा हवालदार राहिलो.

"यांच्याकडे होतं तसलं पिस्तूल एकदा डोळ्यांनी बघायचंय, भावोजी," एवढंच त्या म्हणाल्या.

एसी हॉल, कोपऱ्यात सेल्फी पॉइंट. एक बाप पोराच्या कपाळाला नकली रिव्हॉल्व्हर लावून उभा होता आणि आई फोटो काढत होती. फौजेत रिकामं हत्यारही माणसाकडे रोखलं, तर उस्ताद ग्राउंडला पळवून पळवून जीव काढायचा. मी पुढच्या काचेकडे सरकलो.

शेवटच्या काचेत नऊ एमएमचं पिस्तूल होतं. टाय लावलेला गाइड घोळक्याला सांगत होता, "एकदम ओरिजिनल! सीमेवर एका वीराने शेवटची गोळी संपेपर्यंत हेच चालवलं."

मी वाकून पाहिलं. बॅरलला आरपार भोक पाडलेलं होतं. ते डीपी होतं, ड्रिल पर्पज, रंगरुटांना शिकवण्यापुरतं. असल्यातून गोळी सुटत नाही. माझ्या कपाटात एक आहे.

वहिनींनी मात्र हात जोडले होते.

"असंच होतं ना?"

"मॉडेल हेच."

"यांनीपण शेवटची गोळी संपेपर्यंत... साहेब घरी येऊन सांगून गेले होते."

डोकंच फिरलं माझं.

त्या सकाळी यशवंत डोंगरातल्या रस्त्यावर नाक्याला होता, मी वरच्या पोस्टवर रेडिओपाशी. काम रोजचंच. गाड्या थांबवायच्या, तपासायच्या, सोडायच्या. एक ट्रक नाक्याच्या अलीकडेच थांबला. ड्रायव्हर उडी टाकून पळाला. रेडिओवर यशवंत आला.

"ताडपत्री हिल रही है. वॉर्निंग फायर की परमिशन? ओव्हर."

मी साहेबांना विचारलं. ते मुख्यालयाशी फोनवर बोलत होते. "होल्ड फायर. कन्फर्म करता हूँ."

मी तसंच कळवलं.

"रॉजर."

त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा होल्ड. त्यानंतर त्याचा आवाज आला नाही. ताडपत्रीमागून झाडलेल्या गोळ्यांचा आला.

त्याचं पिस्तूल कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, मीच जमा केलं. हत्यार जमा करताना आधी ते रिकामं करून दाखवायचं. माणूस मेला म्हणून हा नियम सुटत नाही. मॅगझीन काढलं. कोतच्या शिपायाने गोळ्या मोजल्या. "पूरे हैं," म्हणाला. पिस्तूल पुसून रॅकवर लावलं. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच्या कमरेला होतं. साहेबांना पुढे बढती मिळाली. माझ्या या नादाचं मूळ बहुतेक तिथेच.

वहिनींनी त्या शेवटच्या गोळीवर दोन पोरं वाढवली, म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही. पण त्या भोक पाडलेल्या लोखंडापुढे जोडलेले हात बघवेनात.

"वहिनी, यशवंतने एकही गोळी झाडली नाही. दोनदा परवानगी मागितली. साहेबांनी दिली नाही."

त्यांनी हात खाली घेतले. "मग साहेब खोटं बोलले?"

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ गाइडकडे गेल्या.

"काय रे, त्या वीराचं नाव काय?"

"नाव ना... ते ऑफिसमध्ये विचारावं लागेल, काकी."

"आमच्यांना नाव होतं. यशवंत परब. नायब सुभेदार."

गाइड एकदम ताठ उभा राहिला. "अरे वा! काय केलं होतं त्यांनी?"

वहिनींनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

"थांबा म्हणाले, म्हणून थांबले."